गयासचाचांचा अंगठा

गयासुद्दीनचाचांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच त्यांची बोटं मेलेली होती. हे फक्त दोघांना ठाऊक होतं, त्यांना आणि त्यांच्या बायकोला, आयशाबींना. बोअरच्या गाडीवर कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं, आणि चाचांना त्याचीच धास्ती. हे आयशाबींनी मला मागाहून सांगितलं, तेव्हा सांगून काही उपयोग नव्हता.

चाचा अकोल्याच्या जठारपेठेतले. चोवीस वर्षं विहिरींच्या तळाशी उतरून त्यांनी ब्रेकर चालवला. ते धडधडणारं यंत्र दिवसभर दोन्ही हातांनी दाबून धरायचं आणि दगड फोडायचा. वय झाल्यावर ते बोअरच्या गाडीवर आले. तिथलं काम बसून करायचं, पण सगळ्यांचा भरवसा त्यावरच. भोकातून उडालेल्या भुकटीची दर दहा फुटांना एक मूठ जमिनीवर ठेवायची, ओळीनं. त्या ढिगल्यांतला चुरा अंगठ्यानं चोळून चाचा सांगायचे, पुढं जायचं की रॉड काढून ते भोक सोडून द्यायचं. धुळीत सगळंच राखेसारखं दिसतं, डोळ्यांचा तिथं काही भाव नाही. चुरा धुवायचा मात्र नाही, हा त्यांचा कायदा. "धुतला का गोटा खोटं बोलते," म्हणायचे. त्यांच्या कायद्याला आजवर कोणी हात लावला नव्हता.

मी दामिनी. अमरावतीत क्लासमध्ये भूगोल शिकवते. तोंडाची फटकळ आहे, हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. गेल्या मार्चात बाबांनी, म्हणजे वामनरावांनी, पोहऱ्याच्या वाटेवरच्या आमच्या शेतात बोअर घ्यायचं ठरवलं आणि अकोल्याहून गाडी बोलावली. नारळ फुटला, यंत्र सुरू झालं, आणि मी चाचांशेजारी खुर्ची टाकून बसले.

साठेक फुटांवर नवा रॉड जोडायला यंत्र थांबलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमी शिकवता म्हणे. हा गोटा आला कुठून?"

मला काय, विचारलं की मी सुरूच. सांगितलं की पृथ्वीच्या पोटातला खडक भयंकर तापलेला असतो, पण वरच्या दाबानं घट्ट राहतो. दाब कमी झाला की वितळतो, आणि हलका झालेला तो रस वर सरकायला लागतो. आपल्याकडं टोकदार डोंगरातून धूर वगैरे काही निघाला नव्हता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि रस पसरला. निवला. मग पुन्हा आला. दोन थरांच्या मधे इतका काळ गेला की खालच्या थराचं डोकं कुजून लाल माती झाली.

"आन् डोंगर?"

"हिमालय दोन भूखंडांच्या धडकेनं उचलला गेला. सातपुड्याला तडे गेले, तुकडा वर सरकला. आपल्या पोहऱ्याच्या टेकड्या मात्र वर आल्याच नाहीत, चाचा. आजूबाजूचं झिजून गेलं, त्या राहिल्या."

ते ऐकत होते की नाही, कळलं नाही. चेहरा कोराच. मग म्हणाले, "निवता निवता बुडबुडे वर येत असन. थराच्या डोक्यावर भोकं राह्यते. गोटा अंगठ्याले टोचते तिथी. त्याच्या मांगंच पानी."

मी दोन वर्षं पुस्तकं घासून जे शिकले ते हा माणूस अंगठ्यानं शिकला होता. मला त्यांचा हेवा वाटला, खरंच सांगते.

एकशे ऐंशी फुटांवर चाचांनी मूठ उचलली. चोळली. पुन्हा चोळली, जरा जास्तच वेळ. "निव्वळ धोंडा आहे. काढा रॉड." गाडीचा मुकादम नितेश लगेच उठला, कारण चाचांच्या शब्दावर कोणी बोलत नसे. बाबा मातीकडं बघत राहिले.

मी त्या ढिगल्यातल्या दोन कपच्या उचलल्या आणि माझ्या पाण्याच्या बाटलीखाली धरल्या. धूळ गेली. दगडाला चाळणीसारखी भोकं होती, आणि त्यांत पांढरट कण. भोकांच्या कडा माझ्या बोटाला टोचल्यासुद्धा.

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. त्यांना बाजूला घेऊन हळूच दाखवायला पाहिजे होतं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "चाचा, हे काय आहे? एवढी भोकं आहेत. तुम्हाला लागत नाहीत का?"

नितेशनं कपची पाहिली. मग चाचांचा हात धरला, उलटा केला आणि कपचीची धार अंगठ्यावर दाबली. रक्ताचा थेंब आला. चाचा नितेशच्या तोंडाकडं बघत होते, हाताकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"कवापासून?" नितेशनं विचारलं.

चाचांनी हात सोडवून घेतला, आणि नितेशनं यंत्र पुन्हा सुरू करायला लावलं. पुढं वीस फुटांवर पाणी लागलं, गाडीवरची माणसं भिजली, बाबांनी पेढे आणले. चाचा गाडीच्या केबिनमध्ये जाऊन बसले होते. संध्याकाळी गाडी गेली. त्यानंतर त्यांना कोणी बोलावलं नाही.

दीड महिन्यानं मी जठारपेठेत गेले. माफी मागायची होती. माझ्यासारखीला ते जमत नाही, तरी म्हटलं, "चाचा, माझं चुकलं." ते खाटेवर बसले होते, हात मांडीवर ठेवून.

"चुकलं कायचं? भोकं होतेच ना."

"घरी बसवलं तुम्हाला, माझ्यामुळं."

"असू द्या."

आयशाबी आतून तान्हं बाळ घेऊन आल्या. त्यांची मुलगी सबीहा बाळंतपणाला आली होती, नात सोळा दिवसांची होती. आयशाबींनी तिला चाचांच्या हातात दिलं आणि स्वतःचा हात बाळाखाली तसाच धरून ठेवला. चाचांनी बाळाच्या गालावर अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. त्यांचा चेहरा त्या दिवशी शेतात होता तसाच होता.

मग त्यांनी आयशाबींना विचारलं, "मऊ आहे का?"