चौदा घरांची पोथी

लॉकडाऊनमध्ये मी खूप वाचलं, असं मी अजूनही लोकांना सांगते. आमच्या शाळेतल्या शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, त्यावर रोज एकानं वाचत असलेल्या पुस्तकाचा फोटो टाकायचा. करंजाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीला टेकवून, शेजारी चहाचा कप ठेवून मी एकोणीस पुस्तकांचे फोटो टाकले. वाचून झाली दोन. बाकी वेळ मी मोबाइलसमोर बसून मुलांना ‘आवाज येतोय का’ विचारत होते. त्या दोन वर्षांत आमच्या घराण्यात खरं वाचन केलं ते एकाच बाईनं, आणि तिच्याकडे फोटो मागायचं कुणाला सुचलं नाही.

ती माझी हौसाकाकी. माझ्या फ्लॅटपासून चालत दहा मिनिटांवर जुनं गावठाण आहे, तिथे राहते. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट आले, घरावर दोन मजले चढले, दारात मुलाची, प्रदीपची, गाडी आली. काकी तळमजल्यावर होती तशीच राहिली. शाळा चौथीपर्यंत, पण वाचायचा नाद जबर. वाण्याच्या पुडीचा कागद, लग्नपत्रिका, औषधाच्या खोक्यातली चिठ्ठी, हाती येईल ते मोठ्यानं वाचायची. नवरा काशीराम, म्हणजे माझा काका, गावात पोथी वाचायचा. आम्हा आगऱ्यांच्या गावात माणूस गेलं की दहा दिवस संध्याकाळी त्या घरी पोथी बसते, गेलेल्याला पुढची वाट सापडावी म्हणून. काकाची नजर गेली तशी पोथी कपाटात गेली, आणि गावाला शिरढोणचे दादूबुवा लागले. ही पोथी बाईनं वाचायची नाही. तसं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून तर ते खोडताही येत नाही.

एप्रिल २०२१मध्ये आमच्याच भावकीतल्या शशिकलाचा नवरा चार दिवसांत गेला. दवाखान्यातून परस्पर नेला, घरी आला तो त्याचा मोबाइल आणि चष्मा. दादूबुवा आधी ‘बघतो’ म्हणाले, मग फोनच उचलेनात. शशिकलानं काकाला फोन केला. “काका, मानूस दिसला बी नाय वो. पोथी तरी वाचा.” काकानं फोन ठेवला. मग म्हणाला, “हौसे, काढ ती पोथी.”

काकी वाचायला गेली. ती शशिकलाच्या अंगणात पाट टाकून बसली, शशिकला उंबऱ्याच्या आत, मधे पंधरा फूट. मास्कमुळे काकीच्या चष्म्यावर वाफ धरायची, मग ती चष्मा पुसायची आणि तोवर पुढची ओवी पाठ म्हणायची. काकाचं ऐकून ऐकून अर्धीअधिक पोथी तिला येतच होती. बुवा लोक आगगाडी सुटल्यासारखे वाचतात. काकी थांबायची, आपल्या बोलीत अर्थ सांगायची, मधेच गेलेल्याचं नाव घेऊन म्हणायची, “आयकतोस ना रं?” मी भिंतीपलीकडून दोन दिवस ऐकलं. सांगायला लाज वाटत नाही, मी रडले.

मग दुसऱ्या घरून फोन आला, तिसऱ्या घरून आला. त्या दीड महिन्यात चौदा घरं झाली. प्रदीप तिला बाइकवरून नेऊन सोडायचा आणि कोपऱ्यावर उभा राहायचा. एकदा या शहाण्यानं पोथीवरच सॅनिटायझर मारलं. तीन पानांची शाई उतरली, काकीनं त्याला अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं झोडपलं आणि पोथी गच्चीत उन्हात मांडून दिवसभर राखण करत बसली. एकाच दिवशी दोन घरं असली की एका घरी फोनवरून वाचायची, घसा बसला की गरम पाणी पिऊन पुन्हा वाचायची. बाईनं पोथीला हात कसा लावला, असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. मरणाची भीती होती, तेव्हा बाईचा विटाळ कुणाला आठवतोय!

त्याच दिवसांत काका एकदा ओट्यावर बसून चार माणसांदेखत म्हणाला, “मी गेलो का माजी पोथी हौसाच वाचील. दुसरा कोन नको.” काकी म्हणाली, “वाचीन.” थट्टा नव्हती. तिथे प्रदीप होता, मी होते.

साथ ओसरली आणि दादूबुवा नवीन उपरणं घालून हजर झाले. गावानं ‘कोविड योद्ध्यां’चा सत्कार केला. त्यात खिचडी वाटणारे होते, खिचडी वाटणाऱ्यांचे फोटो काढणारे होते, आणि ‘आध्यात्मिक आधार’ दिल्याबद्दल दादूबुवाही होते. आधार! फोन बंद ठेवून दिलेला! काकी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी तिला म्हटलं, तुला राग येत नाही? म्हणाली, “शाल घेवन काय करू? माजा काम एकच रायलाय.”

ते काम २०२३च्या दिवाळीनंतर आलं. काका झोपेत गेला. दुसऱ्या दिवशी काकीनं अंघोळ करून पोथी काढली आणि ओट्यावर जमलेली माणसं एकदम घसे साफ करायला लागली. एक म्हणाला, घरची बाई सुतकात आहे, तिनं कसं वाचायचं? शशिकलाचा नवरा भावकीतलाच होता, तेव्हाही काकी सुतकातच होती. दुसरा म्हणाला, ती वेळ वेगळी होती. त्या दोघांच्याही घरी काकीनं वाचलं होतं. शशिकला बायकांत बसली होती, तिनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं. प्रदीप म्हणाला, “आये, उद्या लोकांशी तोंड दाखवायचा हाय. बुवांना बोलवलाय.”

काकी म्हणाली, “तुज्या बापाला मी शब्द दिलाय.” दोनदा म्हणाली. मग तिनं पोथी प्रदीपच्या हातात दिली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

बुवा सहा दिवस आले. तासाची पोथी वीस मिनिटांत उरकायचे आणि मोबाइल बघत चहा प्यायचे. सातव्या दिवशी त्यांचा निरोप आला, दुसरीकडे मोठं घर आहे, आता जमणार नाही, मोबाइलवर सगळी पोथी मिळते, स्पीकरला लावा, फळ तेच. ओट्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई चालत नव्हती, मशीन चालत होतं. प्रदीप माझ्याकडे वळला. “मनिषा, तुला जमतंय ना ते? लाव जरा.”

मी लावलं. प्रदीपच्या मुलीच्या वाढदिवसाला आणलेला, निळे दिवे लागणारा स्पीकर काकाच्या फोटोसमोर ठेवला, आणि कुठल्या तरी स्टुडिओतल्या माणसाचा गुळगुळीत आवाज घरभर झाला. बाविसाव्या मिनिटाला जाहिरात आली: विमानतळापासून दहा मिनिटांवर, वन बीएचके, आजच साइट व्हिजिट बुक करा. एकजण फसकन हसला. मी जाहिरात पुढे सरकवली. चार दिवस मीच लावत होते, मीच सरकवत होते. आतल्या खोलीतून काकीचा आवाज एकदाही आला नाही.

दहावं झालं, तेरावं झालं, मांडव सुटला. दुपारी मी काकीजवळ गेले. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, “काकी, आपण वाचू या काकाची पोथी. तू आणि मी. दार लावून घेऊ, कुणाला कळणार नाही.”

“दार लावून?” तिनं हात थांबवला. “चौदा घरांशी मी अंगनात बसून वाचली. माज्या नवऱ्याची कनाला चोरून वाचू?”

तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं.

“प्रदीपचा मना काय नाय गो. तो लोकांशी घाबरतो. बुवाचा बी काय नाय, त्याचा धंदाच हाय. पन तू मास्तरीन. तुना मना वाचताना आयकलाय. काका बोलला तवा तू ओट्यावर व्हतीस. तुना तो स्पीकर कनाला लावला?”

“प्रदीपनं सांगितलं म्हणून,” मी म्हणाले.

माझ्या वर्गात एखादं मूल असं उत्तर देतं, तेव्हा मी त्याला बाकावर उभं करते.