बाजूला बसलेल्या दोघी

जयमालाचा डोळा लागतो न लागतो तोच चटईच्या टोकाला कुणीतरी येऊन बसतं. भर दुपार आहे. मागच्या पडवीत ती एकटीच पडलेली, कारण आज तिचा बाजूला बसण्याचा दुसरा दिवस. खरं म्हणजे कसला दुसरा आणि कसला तिसरा! अडतिसाव्या वर्षी पाळी गेली, त्याला वर्ष होत आलं. पण बाई दर महिन्याला कॅलेंडर बघून चार दिवस न चुकता बाजूला बसते. कशाला, तर घरात कुणी म्हातारी झाली म्हणायला नको. सोंग वठवावं तर हिनंच.

"सरक की गं जरा," चटईवरची बाई म्हणते.

हौसामावशी. तिला जाऊन नऊ वर्षं झाली हे जयमालाला पक्कं ठाऊक आहे, तरी ती मुकाट सरकते. मावशी तिच्याहून लहान दिसते आहे. का आपणच थकलो? जयमालाला काही सुधरत नाही.

"तू इथं कशी?"

"मीपण बाजूला बसलेय."

आता पडवी नाही, मावशीची न्हाणी आहे. तोच ओला दगड. त्यावर पाय घसरून मावशीचं खुब्याचं हाड मोडलं आणि चार महिने अंथरुणात काढून ती बावन्नाव्या वर्षी गेली. एवढ्याशा पडण्यानं हाड मोडतंच कसं, असं तेव्हा जो तो म्हणत होता. न्हाणीत बाकं मांडलीत, बायका नंबर लावून बसल्यात, आणि आतून डॉक्टरीणबाई जयमालाचं नाव पुकारतायत. गेल्या महिन्यात त्यांनी बजावलं होतं, इतक्या लवकर पाळी गेली की हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही जपावं लागतं. तपासण्या करू, औषध ठरवू, घरच्या कुणालातरी घेऊन या. त्यांनी लिहून दिलेली चिठ्ठी जयमालानं उशीच्या अभ्र्यात दडवली आहे.

तिच्या अंगातून गरम लोट उठतो, मानेवर घाम फुटतो. मावशी पदरानं वारा घालते.

"मावशे, तुझी कधी गेली?"

"सदतिसाव्या वर्षी."

"पण मी सुट्टीत यायचे तेव्हा तू बाजूला बसायचीस. मी लांबून ताट सरकवायचे."

मावशी हसते. "कुणाला सांगितलंच नाही गं."

जयमालाला रडू फुटतं. रागही येतो, कुणाचा ते कळत नाही. मावशी जयमालाचा पदर ओढून घेते, टोकात काहीतरी घालते, गाठीवर गाठ मारते आणि दातांनी आवळते. तिची सवयच ती.

"विसरशील," मावशी म्हणते.

जाग येते तेव्हा ऊन पायावर आलेलं असतं. चटई मोकळी आहे. पदराला दुहेरी गाठ आहे, आत घडी केलेला कागद लागतो, आणि गाठ ओली आहे. आपणच मारली असेल झोपेत, असं ती स्वतःला सांगून बघते. पटत नाही.

ती उठते, उंबरा ओलांडते आणि सरळ माठातलं पाणी घेते.

"अगं, दुसरा दिवस ना तुझा?" सासूबाई निवडायचं ताट खाली ठेवतात.

"नाही आई. वर्ष झालं, येतच नाही." गाठ तिच्यानं सुटत नाही. ती पदराचं टोक सासूबाईंच्या हातात देते. "हे जरा तुम्ही सोडवा."