बाणातलं हाड

काशेला जावई चांगला मिळाला, असं सगळी वस्ती म्हणायची, आणि ते ऐकलं की काशेचं डोकं उठायचं. देबे काटक होता, कामाचा होता, माग काढण्यात कुणाला हार जायचा नाही, हे सगळं खरं. पण बाणाच्या बाबतीत इतका आडमुठा माणूस काशेने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

त्यातून सासऱ्याने जावयाला थेट बोलायचं नाही आणि जावयाने सासऱ्याकडे मान वर करून पाहायचं नाही, ही रीत. म्हणून काशे आपला सगळा संताप बायकोच्या भावाला, कुमसाला, ऐकवायचा. कुमसा बिचारा दोघांच्या मध्ये बसून तंबाखू ओढायचा आणि इकडचं तिकडे पोचवायचा.

"कुमसा, तुझ्या भाचीच्या नवऱ्याला विचार, हा बाण आहे की कंद खणायची काठी?"

देबेने कुंपणाची जाड तार ठोकून बोटभर लांब पातं केलं होतं आणि ते काशेने दिलेल्या बाणाला बसवलं होतं.

"मामा, त्यांना सांगा," देबे वाळूकडे बघत म्हणाला, "बाहेरून शिकारीला येतात त्या लोकांचे बाण मी पाहिलेत. असे जड, की रानरेड्याच्या आत घुसतात. वजन हवं."

"त्यांची धनुष्यं बघितलीस का म्हणावं! आपलं धनुष्य माझी म्हातारीसुद्धा ओढेल. त्यातून जड बाण सुटतो आणि रमतगमत जातो. तोवर दोरीचा आवाज कुडू हरणाच्या कानात गेलेला असतो, आणि कुडू पार पलीकडच्या झाडीत!"

"म्हातारीला मध्ये आणू नकोस," काशेची बायको ख्वाना मोंगोंगोच्या फळातल्या बिया फोडता फोडता म्हणाली. "मी ओढलं तर तुझ्यापेक्षा बरं ओढीन."

देबेने तो बाण चाळीस पावलांवरच्या वारुळावर सोडला. बाण दहा पावलं अलीकडे वाळूत रुतला. पोरीबाळी खदखदा हसल्या. कुणी दुसरा असता तर शहाणा झाला असता. देबेने दोन दिवस तोंड पाडलं आणि तिसऱ्या दिवशी बरोबर उलटं टोक गाठलं. बोरू, म्हणजे बाणाचा पोकळ दांडा, आणि पातं यांच्या मध्ये जे हाड असतं तेच काढून टाकलं, तिथे वाळकी काडी घातली, आणि तो पिसासारखा बाण झाडाला टांगलेल्या कातड्यावर मारला. बाण गेला मात्र असा झपकन, की कुमसाने "अरे वा!" म्हटलं. कातड्याला टोचला, वाकडा झाला आणि खाली पडला.

"अरे वा काय, अरे वा?" काशे उखडला. "वेळेवर पोचला आणि काम न करता परत आला! विष पात्याच्या मागे लावलेलं असतं ना? पातं दोन बोटं आत गेलंच नाही, तर विष काय केसांना चोळायचं? बोरू हलका, म्हणून बाण पोचतो. पुढे हाड, म्हणून आत जातो. हे लहान लेकराला कळतं, कुमसा. याला कोण सांगणार?"

"तूच सांगतोयस की सकाळपासून," कुमसा म्हणाला.

काशेचा जीव असा कासावीस व्हायला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी त्याची नजर अधू झाली. सगळं धुरातून बघावं तसं दिसायचं. शिकार सुटली, हातात राहिलं ते बाण बनवणं. शिकारी भात्यात दुसऱ्यांचेही बाण घेऊन जातात, आणि जनावराला पहिला लागलेला बाण ज्याचा, ते जनावर त्याचं. वाटणी त्याच्या हाताने. आंधळा असो, पांगळा असो, त्या दिवशी सगळ्यांचे डोळे त्याच्या सुरीकडे. पण दोन हिवाळे काशेच्या बाणाने काही पडलं नव्हतं. त्याचे बाण मागायला लोक येईनासे झाले होते. आता एकटा देबे उरला होता. हाही हंगाम कोरडा गेला, तर काशेचा बाण कुणाच्याच भात्यात जाणार नव्हता, आणि मग मरेपर्यंत दुसऱ्याच्या वाटणीकडे बघत बसायचं. या विचाराने त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

शेवटी त्याने आपला सगळ्यात चांगला बाण काढला. जिराफाच्या नळीचं हाड, चार दिवस घासलेलं. अंगठ्याच्या नखावर आडवा ठेवला तर बाण जिथे तोलायला हवा तिथेच तोलायचा.

"त्याला म्हणावं, याला हात लावू नकोस. नुसता सोड."

देबे आणि कुमसा गेले. चौथ्या दिवशी कुमसा एकटाच पुढे आला, लांबूनच ओरडत. कुडू पडला होता, मोठा नर. विष लागून रात्रभर चालला आणि सकाळी पडला. बाण लागला तिथे गळून पडलेला बोरू सापडला, त्यावर काशेच्या खुणेच्या तीन जाळलेल्या रेघा होत्या.

ख्वानाने बघितलं तर म्हातारा रडत होता.

मांस वस्तीवर आलं. रीतीप्रमाणे कुमसाने जखमेतून काढलेलं पातं, हाडासकट, काशेच्या तळहातावर ठेवलं आणि सुरी पुढे केली. काशेने सुरी घेतली नाही. त्याची बोटं हाडावर फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

पातं जाड तारेचं होतं. हाडही दुसरंच होतं, आखूड, पुढे बारीक होत गेलेलं. तारेत जेवढं वजन वाढलं, तेवढं हाडातून काढून घेतलेलं. त्याने ते नखावर ठेवून पाहिलं. असं हाड त्याला स्वतःला कधी जमलं नव्हतं.

देबे पलीकडे मान खाली घालून बसला होता. बोरू सासऱ्याचा होता, रेघा सासऱ्याच्या होत्या. म्हातारा गप्प बसला तर कुणाला काही कळणार नव्हतं. पण कितीतरी वर्षांपूर्वी दोन भाऊ एका बाणावरून भांडले, तेव्हा निवाडा काशेनेच दिला होता. बोरू कुणाचाही असो, पातं कुणाचंही असो, हाड ज्याचं त्याचा बाण. तेव्हापासून वस्ती तसंच धरून चालली होती.

"कुमसा," काशे खेकसला, "ही सुरी त्याला दे. हाड माझं नाही."

"मामा," देबेचा आवाज चिरकला, "त्यांना सांगा, बाण त्यांचाच आहे. मी फक्त जरा... मला मालक व्हायचं नाहीये. वाटा कुणालाच पुरेसा वाटत नाही, मी वाटणी केली तर सगळे माझ्या नावाने खडे फोडतील. मी त्यांच्यासाठीच मारलाय."

ख्वाना नवऱ्याचा हात दाबत हळूच म्हणाली, "घे ना रे सुरी. कोण विचारतंय?"

काशेने हात सोडवून घेतला. डोळे भरून आले होते आणि त्याचाही त्याला राग येत होता.

"त्याला विचार, कुमसा," तो म्हणाला, "मालक व्हायचं नव्हतं, तर इतकं चांगलं हाड घासायला कुणी सांगितलं होतं?"

मग तो उठला आणि वाटणीची वाट बघणाऱ्यांत जाऊन बसला.