उद्धट माणसाला उत्तर

मुरबाडच्या एसटी स्टँडवर आई कंडक्टरशी भांडत होती, त्यामुळे मला नीट रडताही आलं नाही. माझी मोठी बॅग टपावर टाका, असं तो जरा गुरकावून म्हणाला होता. आईला एवढं कारण पुष्कळ झालं. "टपावर तुझ्या आयला बशीव! पोरगी इंग्लंडला चाललीय, कल्यानच्या बाजारात नाय!" अख्खी गाडी माझ्याकडे बघायला लागली. शेवटी बॅग ड्रायव्हरच्या मागे उभी राहिली. आईने पदराने तोंड पुसलं आणि खिडकीशी येऊन म्हणाली, "तिकडं कोनाचं आयकून घेऊ नको गो." गाडी सुटली. हे दोन हजार एक सालचं.

गावी राहिलेल्यांना वाटतं, आम्ही इंग्रजी शिकलो ते साहेबांशी गोड बोलायला. तुमच्यातले जे बाहेर पडले, त्यांना खरं काय ते ठाऊक आहे. मी ठाण्यात नर्सिंग करून तिथेच नोकरीला होते, आणि परदेशी जायचं म्हणून कल्याणला इंग्रजीचा क्लास लावला होता. त्यात एक अख्खा धडा उद्धट माणसांवर होता. बाई स्वतः उद्धट पेशंट व्हायच्या, टेबलावर डस्टर आपटायच्या आणि ओरडायच्या, "यू आर यूजलेस!" आम्ही उत्तर द्यायचं. मी पहिल्या दिवशी ताडकन उठून म्हणाले, "यू यूजलेस, युअर होल फॅमिली यूजलेस!" क्लास हसून लोळला. बाई म्हणाल्या, "संगीता, फॅमिलीला घरी राहू दे. त्याने काय केलं तेवढंच सांग, तुला काय हवंय ते सांग आणि गप्प बस."

गप्प बसणं फार जड गेलं. आमच्याकडे भांडण बांधावरून सुरू होतं आणि सात पिढ्या फिरून येतं. माझी आई त्यात पटाईत. शेजारच्या यमुनामावशीशी तिची अशी जुंपायची की लोक नांगर थांबवून ऐकायचे, आणि दुसऱ्या दिवशी दोघी एकाच चिखलात शेजारी वाकून भाताची रोपं लावत आवणी करायच्या. मला ते भांडण आवडायचं. त्यात कुणी कुणाला परकं करत नसे.

इंग्लंडात वृद्धांच्या एका नर्सिंग होममध्ये कामाला लागले. तिथे आर्थर नावाचे एक आजोबा होते. एका सकाळी त्यांनी नाश्त्याचा ट्रे ढकलून दिला आणि मला म्हणाले, आलीस तिथे परत जा. तोंडात मुरबाडची एक सणसणीत शिवी तयार होती. तरी म्हणाले, "दॅट वॉज रूड, आर्थर. प्लीज डोंट स्पीक टू मी लाइक दॅट." आणि गप्प बसले. म्हाताऱ्याने ट्रे पुन्हा जवळ ओढला. मग म्हणाला, "फेअर इनफ." त्यानंतर मला नावाने हाक मारू लागला. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले, पण आनंदाने. आवाज न चढवता, कुणाचा बाप न काढता माणूस आपला मान मागू शकतो, हे मला सव्विसाव्या वर्षी कळलं.

ते वाक्य अंगात भिनलं आणि तिथून माझी बेचैनी सुरू झाली. कारण एवढी भांडकुदळ माझी आई एका दारात मात्र कधीच भांडली नव्हती. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी छप्पनच्या नंतर धर्म बदलला, आमच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आला, मुलं शिकली. पण ज्यांच्या शेतावर आई आवणीला जायची, त्या मोठ्या घरची काकी आईला नावाने कधी हाक मारत नसे. जुन्या जातीच्या नावाने मारायची. आणि आई, जी कंडक्टरला सोडत नव्हती, ती म्हणायची, "आले, वैनी." लहानपणी मला वाटायचं, आईला ऐकू येत नसेल.

चार वर्षांनी सुट्टीवर आले ती पावसाळ्यात. आईने हट्टाने मला बिस्किटांचा डबा देऊन मोठ्या घरी नेलं. काकी ओटीवर बसली होती. मला बघून तिला खरंच आनंद झाला. "नाव काढलंस गो पोरी," म्हणाली, आणि आत तोंड करून सुनेला हाक दिली, की बघ, आपल्या अमकीची पोर इंग्लंडवरून आली. अमकीच्या जागी तोच शब्द. क्लासमधली सगळी उद्धट माणसं चिडलेली असायची. काकी तर हसत होती, चहा ठेवायला सांगत होती. अशा माणसाला काय म्हणायचं, ते बाईंनी शिकवलं नव्हतं.

तरी म्हणाले. "काकी, माझ्या आईचं नाव गोदावरी आहे. तिला तशी हाक मारू नका." आणि गप्प बसले.

काकी म्हणाली, "अगो, तोंडात बसलंय ते आमच्या." ती रागावलीही नाही. बोलली ती आई, तीही घाईघाईने, "जाऊंद्या वैनी, पोर हाय, तिकडं राहून इसरली."

घरी येईपर्यंत आई पुढे आणि मी मागे. उंबऱ्यात ती वळली. "तू इमानात बसशील नि जाशील. मला रोज तिच्याच बांधावरनं जायचंय. कोनी सांगितलं होतं तुला?" उरलेली सुट्टी ती माझ्याशी जेवणापुरतं बोलली.

परत गेल्यावर मी फोन करायचे तो भाऊ उचलायचा. आई शेतावर गेलीय, आई झोपलीय, आई म्हसा गावच्या जत्रेला गेलीय. जत्रा तर पौषात असते, आणि हा श्रावण! मी कामावर चुका करायला लागले. बरोबर वागून आई गमावली की काय, हा एकच विचार डोक्यात फिरत होता.

पुढच्या वर्षी आवणी उरकल्यावर तिने स्वतःहून फोन हातात घेतला. आधी पावसाचं, मग यमुनामावशीच्या गुडघ्याचं सांगितलं. मग म्हणाली, "वैनीनी हाक मारली, सगळ्या बायांसमोर. तशीच. मी मान वर नाय केली. परत मारली. मग उठले नि सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"तुला काय करायचंय? तुझं तुला येतं, माझं मला येतं."

त्या घरचं काम सुटलं. आता ती पलीकडच्या गावात आवणीला जाते, ओढा ओलांडून. कंबर दुखते का विचारलं, तर म्हणाली, आधी काय नाचत होती? ती त्या दिवशी काय बोलली, ते मी किती वेळा विचारलं, भावाला, मावशीला. सगळे हसतात आणि म्हणतात, ये इकडं, मग सांगू. फोनवर नाय. मधे मुलगी झाली, आणि माझं जाणं अजून झालेलं नाही.

लोक विचारतात, इतक्या वर्षांनी घर कुठलं वाटतं. इथे माझं स्वयंपाकघर आहे, मुलगी आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण घर म्हणाल, तर ते तिकडे, जिथे माझ्या आईने काय उत्तर दिलं ते शेंबड्या पोरापासून सगळ्यांना माहीत आहे, आणि मला माहीत नाही.