पाच मास्तरांचा एक किनारा

चार मास्तर एका होडीत बसवले की पलीकडच्या काठाला लागेपर्यंत एखादा किस्सा तयार होतोच. आम्ही तर वर्षभर रत्नागिरीच्या आजूबाजूचे किनारे पालथे घातले. त्यामुळे किस्से इतके साठले, की अजूनही आम्ही जुने लोक भेटलो की आधी कोणी सांगायचं यावरूनच भांडण होतं. आज माझी पाळी आहे, तेव्हा मध्ये बोलू नका.

गोष्ट तीस सालाच्या आसपासची. आमच्या शाळेचे ड्रिल मास्तर दाजी उन्हाळ्यात रिटायर होणार होते. सगळी नोकरी त्यांनी पटांगणात धूळ खात काढली होती. जाण्याआधी त्यांना एकच गोष्ट हवी होती, पोरांच्या कॅंपसाठी समुद्रकाठी एक कायमची जागा. दरवर्षी नवी जागा शोधायची म्हटली तर आपल्यामागे कोणी शोधणार नाही आणि कॅंप बंद पडेल, ही त्यांची भीती. ती खरीच होती, कारण मागे राहणारे आम्हीच होतो!

हेडमास्तर देशावरचे. माणूस सज्जन, पण नियमाचा. त्यांनी एक समिती नेमली. तीत ते स्वतः, दाजी, संस्कृतचे शास्त्री, गणिताचे नाईक आणि चित्रकलेचा मी. अट एकच घातली. "पाचही जणांचं एकमत झालं तर जागा कायम. नाहीतर दाजी, पुढच्या वर्षीपासून कॅंप पटांगणात."

दाजींनी मान डोलावली, पण चेहरा उतरला. चहात साखर किती यावरही आमचं पाच जणांचं एकमत होत नसे.

*

पहिला मान भाट्याच्या किनाऱ्याला. खाडी ओलांडली की झालं. पोरांना घेऊनच जाऊ आणि राहून बघू, असं दाजींनी ठरवलं. पोरांनी स्वतः चूल मांडून पिठलंभात करायचा, असा बेत होता.

चूल पेटायच्या आत पहिली होडी आली. तीत कोणाची आई, कोणाची मावशी, आणि प्रत्येकीच्या हातात डबा. मागून दुसरी होडी. घावनं आली, आंबोळ्या आल्या, एका पोराची घरी राहिलेली बंडीसुद्धा आली.

दाजी चिडले. त्यांनी खणखणीत आवाजात हुकूम सोडला, "एका ओळीत उभे राहा!" पोरं जेवत होती, ती जागची हलली नाहीत. आया मात्र निमूट ओळीत उभ्या राहिल्या. एकीनं तर अंतर घ्यायला हातही पुढे केला!

शास्त्रींनी परतीच्या होडीतच भाट्ये रद्द केलं. जिथून घर दिसतं तिथं कॅंप होत नाही, असं त्यांचं म्हणणं. या एका बाबतीत आम्ही सगळे त्यांच्या बाजूचे होतो, पण नको म्हणण्यावर झालेलं एकमत दाजींच्या काय कामाचं?

*

मग आम्ही पाचच जण काळबादेवीला गेलो. ओहोटी होती. ओल्या वाळूचं ते लांबच लांब मैदान पाहून हेडमास्तर हरखून गेले. त्यांनी काठीनं रेघा ओढून तंबूंच्या रांगा आखल्या, मधे रस्ता सोडला, झेंड्याची जागाही पक्की केली. आता हेडमास्तरांना कोण सांगणार? नाईक ढगांकडे बघू लागले. मी वहाणेतली वाळू झटकू लागलो.

हेडमास्तर म्हणाले, "काय सपाट जागा आहे हो! कोणी मुद्दाम करून ठेवल्यासारखी."

दाजी अदबीनं म्हणाले, "होय साहेब. ज्यानं केलीय तो दुपारी येईल."

हेडमास्तरांना वाटलं, जमिनीचा मालक येणार. ते त्याची वाट बघत वर माडाखाली जाऊन बसले. भरतीनं आधी झेंड्याची जागा घेतली, मग रस्ता, मग एकेक रांग. हेडमास्तर काठी झटकून उठले. काळबादेवीच्या नावापुढे त्यांची फुली पडली.

*

वारे गावच्या किनाऱ्याला नाईकांनी आग्रह करून नेलं. तिथं रापण लागते, हे त्यांचं कारण. रापण म्हणजे दोन बाजूंनी दोर ओढत किनाऱ्याला आणायचं मोठं जाळं. त्या दोराला जो हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो कोणी का असेना. तशी रीतच आहे.

शास्त्री सोवळ्याओवळ्याचे कडक, पण मनानं फार चांगले. म्हातारी माणसं दोर ओढताना दिसली आणि त्यांना राहवलं नाही. धोतर खोचून गेले आणि असे जोरात ओढू लागले की कपाळावरचं गंध घामानं नाकापर्यंत आलं. जाळं वर आलं. रापणीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, त्यानं त्यांच्या उपरण्यात मोजून बांगडे घातले.

"अहो, मला नकोत," शास्त्री कळवळले.

"वाटा परत घेत नाय आमी, भटजीनू," तांडेल म्हणाला आणि पुढच्याकडे वळला.

त्या गरिबाचं मन कसं मोडायचं? शास्त्री उपरणं हातभर लांब धरून चालू लागले. नाईक पाठोपाठ. इतक्या वर्षांत नाईकांना शास्त्रींशी इतकं गोड बोलताना मी ऐकलं नव्हतं. "दमला असाल तर मी धरतो हो थोडा वेळ," असं ते दर वळणावर विचारत होते.

नाईकांचं मत वारे गावाला, शास्त्रींचं विरुद्ध. दाजी त्या दिवशी आमच्या पुढे एकटेच चालत घरी गेले. मला वाईट वाटलं, आणि आमचा सगळ्यांचा थोडा रागही आला.

*

शिमगा उलटला आणि शेवटची खेप राहिली. जागा पावस गावाच्या पलीकडची. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर तुम्हीही बिछाने घेऊन याल! गोड पाण्याची विहीर, गार सावली, रुंद किनारा, सगळं होतं. दाजी आदल्या दिवशीच पुढे गेले होते, विहीर बघायला म्हणून.

आम्ही पोचलो ते कुरकुरतच. शास्त्रींना अजून पुढचे किनारे बघायचे होते. नाईकांना वारेच हवं होतं. हेडमास्तरांना अंतर जास्त वाटत होतं.

गावचे मानकरी धोंडू गावकर दाजींना बरोबर घेऊन वाटेतच भेटले. परकी माणसं गावात वस्तीला यायची तर आधी देवाला गाऱ्हाणं घालायचं, ही आमच्याकडची रीत. देवळात गेलो. मी हेडमास्तरांच्या कानात सांगितलं, की गावकर थांबले की सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाकीच्यांना सांगायची गरज नव्हती. कोकणातल्या माणसाचं तोंड त्या वेळी कानाला विचारत नाही.

गावकरांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ही मास्तर मंडळी आज तुज्या पायाशी आल्येत. त्यांच्या पोरांना इच्चूकाट्याची बाधा होऊ देव नको."

"व्हय म्हाराजा!"

"दर्यात कुनाचा पाय सरकला तर तुजा हात दे."

"व्हय म्हाराजा!" हेडमास्तरांना आता ताल सापडला होता. त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"आनि आजपास्नं ही मंडळी दरवर्साला पोरांना घेऊन हितंच येतील, दुसरा किनारा बगायची न्हाईत, त्यांना सांबाळून घे!"

"व्हय म्हाराजा!"

घंटा वाजली. शास्त्रींचे जोडलेले हात तसेच राहिले.

"गावकर, हे शेवटचं जरा..." ते म्हणाले.

"आता माज्या हातात काय न्हाय, शास्त्रीबुवा. त्येच्यासमोर व्हय म्हनलांव. न्हाय म्हनायचं असंल तर त्येलाच सांगा."

शास्त्रींनी देवाकडे पाहिलं. नाईकांनी शास्त्रींकडे पाहिलं. दाजी खांबाला टेकून खाली बघत उभे होते आणि त्यांचे डोळे भरले होते.

हेडमास्तरांनी घसा साफ केला, टोपी सारखी केली आणि विचारलं, "मग दाजी, पोरांना कधी आणता?"