रस्त्याकडं तोंड करून ठेवलेल्या चपला

मंडळी, आज दुपारी ॲपवरून बोलावलेली ब्युटिशियन रेश्मा घरी आली. दाराबाहेर तिनं चपला रस्त्याकडं तोंड करून काढल्या. मी सवयीनं त्या उचलून रॅकमध्ये ठेवल्या, तर तिनं हसत परत होत्या तशा ठेवल्या.

"राहू द्या ताई. पळायची वेळ आली तर शोधत बसायला नको की!"

मग तिनं सांगितलं, एकदा बुकिंग बाईच्या नावानं होतं, पण आत गेल्यावर कळलं की घरात बाईच नाही. रेश्मा बॅग उचलून तडक बाहेर पडली.

"भीती नाही वाटत?"

"लई वाटती. म्हणून तर आधी चपला नीट ठेवते, मग कामाला लागते."

मानलं बाई तिला! मी लेकीला रोज नुसतं "सांभाळून जा" म्हणते. सांभाळायचं कसं, हे तुम्ही तरी तुमच्या लेकींना सांगता का?