धोंडा सरला

"पाणी आलं का डोळ्यांत?" गाणं संपलं की पेटीवरचा हात न काढता मास्तर एवढंच विचारायचे. आलं म्हटलं की गाणं पास. नाही म्हटलं की त्या कडव्याची खैर नसे.

भोरात ते आमचे शेजारी. ख्रिस्ती मंडळींच्या लहानशा प्रार्थनाघरात दर रविवारी पेटी वाजवायची आणि स्वतः रचलेली भजनं म्हणायची, यात त्यांचा जीव. मी संस्थानच्या कचेरीतला कारकून, घरात देवघर असलेला. पण नव्या गाण्याचा पहिला श्रोता मीच. सगळी गाणी क्रूसाची, खिळ्यांची, आईच्या आक्रोशाची. मी इतके लाल डोळे घेऊन घरी यायचो की आमची मंडळी विचारायची, "आज कोण गेलं त्यांच्यात?"

आणि एके दिवशी भिंतीपलीकडून चक्क फुगडीची चाल ऐकू आली. म्हटलं, माहेरवाशिणी जमल्यात की काय! जाऊन बघतो तर मास्तर एकटेच, मान डोलावत गाताहेत, "धोंडा सरला गं बाई, धोंडा सरला."

"पाय हलला का?" त्यांनी विचारलं.

हलला होता. पण मला काही चैन पडेना. तुम्हीच सांगा, जन्मभर रडवणाऱ्या माणसाला एकाएकी हे काय झालं असेल?

त्यांनीच सांगितलं. वेल्ह्याकडची त्यांच्या मंडळीतली एक म्हातारी अंथरूण धरून होती. हे तिला भजन ऐकवायला गेले. ते ऐकून ती म्हणाली, "मास्तर, क्रूसावरचा धनी तिसऱ्या दिशी उटला म्हून तुमीच सांगता. मग तुमच्या गान्यात त्यो अजून मेलेलाच कसा वो?"

"रावसाहेब," मास्तर म्हणाले, "त्याच्या कबरीवरचा धोंडा सरला, हे मी दरसाल शास्त्रातून वाचून दाखवतो. गायलो मात्र कधीच नाही."

रविवारी त्यांनी ते गाणं प्रार्थनाघरात म्हटलं. बायकांचे हात आपोआप टाळीला आले. तेवढ्यात मंडळीतले एक जुने पंच उठले आणि त्यांनी पेटी मिटली.

"मास्तर, हितं भक्ती व्हते, पंचमीचा खेळ न्हाई. जुनी गानी म्हना, न्हाईतर पेटी सोडा."

मी मास्तरांची समजूत घातली, "दोन जुनी म्हणा, एक नवं. काय बिघडतं?"

"जुनी खोटी नाहीत हो. पण आता मागं फिरलो, तर म्हातारीला काय तोंड दाखवू?"

पेटी गेली. "बोटं आखडल्यासारखी वाटतात," म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. मला त्या पंचांचा असा राग आला की सांगता सोय नाही. मग मास्तर पायीच वेल्ह्याकडच्या गावांतून हिंडू लागले. नुसत्या टाळीवर गाणी शिकवायचे. म्हातारीनं पडल्यापडल्या टाळी धरली, हे सांगताना लहान मुलासारखे हसले होते.

तिकडेच ते तापानं गेले. मातीही तिकडेच झाली. मला बातमी उशिरा कळली, आणि मी रडलो.

पुढच्या पंचमीला पंचांच्या घरावरून जात होतो. अंगणात त्यांच्या नाती फुगडी घालत होत्या, तोंडी तेच गाणं. म्हातारा ओट्यावरच बसलेला. म्हटलं, आता काठी उगारतोय. तो उठला आणि अंगणातली बाज ओढून त्यानं भिंतीला लावली. पोरींना फिरायला जागा झाली.

मी मुद्दाम विचारलं, "गाणं कुणाचं हो?"

"आमच्या मास्तरांचं," तो म्हणाला, आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसला.